शेवंता किसन आहेत का

ऐरोलीत, सेक्टर पाचच्या शाळेत
साडेपाचचा कार्यक्रम सातला सुरू झाला.
साहेब उशिरा आले, मग साहेबांचं भाषण.
भाषणात आम्ही सगळे 'या माताभगिनी'.
तीन सिक्युरिटीवाले आणि रिक्षावाले अन्वरभाई
खाली मान घालून हसत होते.

टेबलावर शाली, अजून प्लास्टिकच्या पिशव्यांत.
नारळ एकवीस. मी मोजले.
पास झालेले बावीस.
गणिताचा उपयोग होतो तो असा.

नावं पुकारायला गुळवणी सर.
याच सरांनी मला समीकरण शिकवलं होतं,
रात्री साडेनऊला, ट्यूब फडफडत असताना:
एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेलं
की चिन्ह बदलतं.
मी म्हटलं, सर, हे आम्हाला ठाऊक आहे,
आम्ही सगळ्या तशाच आलोय.
वर्ग हसला. सर हसले नाहीत,
फळा पुसायला वळले आणि बराच वेळ पुसत राहिले.

"शेवंता किसन ढमाले."

मी टाळ्या वाजवल्या.
चांगल्या दणदणीत.
बघत होते, कोण उठतंय.
"शेवंता किसन आहेत का?"
दिव्याच्या कोळीवाड्यातली पुष्पी, बाजूला बसलेली,
मासळीच्या पाटीला हात लावावा तसा माझ्या खांद्याला लावून म्हणाली,
"अगं बाय, फॉर्मवर हेच लिवलं व्हतंस ना तू?"

लिहिलं होतं.
क्लार्क म्हणाला होता, दाखल्यावर जे नाव तेच बोर्डात.
दाखला जुन्नरकडच्या शाळेतून मागवला,
आठवी पास, सोडण्याचे कारण: घरगुती.
पण वर्गात मी सतरा नंबर,
परीक्षेला बैठक क्रमांक,
बाकी सगळीकडे अपर्णा विलास निगडे.
ते नाव तोंडानं कुणी घेतलंच नव्हतं
एकतीस वर्षं.

एकतीस वर्षांपूर्वी ताटात तांदूळ पसरले होते
आणि त्यांनी अंगठीनं लिहिलं: अ प र्णा.
अक्षर सुरेख होतं, खोटं का बोला.
सगळ्या बायका वाकून वाचत होत्या,
मीही वाचलं.
वाचता येत होतं म्हणून
मला ते सगळ्यांच्या आधी कळलं.

तर मी उठले.
खुर्च्यांच्या दोन रांगा, मग तीन पायऱ्या.
रबाळ्याला लाइनवर उभी असते मी,
चोवीस वर्षं औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावते.
लेबल तिरकं गेलं तर बाटली बाजूला काढायची,
आतलं औषध तेच असलं तरी.
पायऱ्या चढताना हे का आठवलं, माहीत नाही.

शाल मिळाली. नारळ संपले होते.
सर टेबलाखाली वाकून शोधू लागले,
मी म्हटलं, राहू द्या सर, मी आधीच मोजलेत.
त्यांनी कागद दिला, आणि हळूच,
माइकपासून तोंड बाजूला करून,
पुन्हा एकदा म्हणाले,
"शेवंता."
हजेरी घेतात तसं.
मी म्हटलं, हजर.

घरी यांनी कागद दिव्याखाली धरला.
गणित पस्तीस. मराठी एकाहत्तर.
वडिलांचं नाव, आईचं नाव.
दोनदा वाचून विचारलं,
"यात मी कुठाय?"
रागानं नाही. चप्पल सापडत नसली की विचारतात तसं.
मी म्हटलं, यात नाही तुम्ही,
तुम्ही नंतर आलात.
ते थोडा वेळ बसून राहिले
आणि मग म्हणाले, लॅमिनेशन करून घेऊ,
स्टेशनजवळ चांगलं करतात.

सकाळी पहिली पाळी.
पाच वाजता तांदूळ निवडायला घेतले,
ताटात पसरले,
दार लोटलं आहे का बघितलं.
मग बोटानं लिहिलं, सावकाश,
शे ला मात्रा, वं वर टिंब.
बाजूला दोन खडे निघाले, ते टाकले.
तांदूळ धुऊन कुकरला लावले.

डब्यात भात नेहमीसारखाच होता.
हे संध्याकाळी म्हणाले, आज जरा मऊ झाला होता.
असेल.